रस्त्याला मालक अनेक, राखणदार एकही नाही!

दसरा उलटला, आभाळ निवळले आणि आमच्या शहरात वार्षिक सोहळ्याला आरंभ झाला. ह्या सोहळ्याचे नाव खड्डे बुजवणे. एक ट्रक येतो, चार मजूर उतरतात, खड्ड्यातला चिखल तसाच ठेवून त्यावर डांबर माखलेली खडी ओतली जाते, फावड्याच्या पाठीने दोन थापा मारल्या जातात, छायाचित्र निघते आणि ट्रक पुढच्या खड्ड्याकडे रवाना होतो. वळवाच्या पहिल्या सरीत ही खडी गटारात वाहून जाणार, हे ती टाकणाऱ्या मजुराला ठाऊक असते, त्याच्या ठेकेदाराला ठाऊक असते आणि ठेकेदाराच्या बिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला तर सर्वांच्या आधी ठाऊक असते. मग ती टाकली तरी कशाला जाते? खड्डा बुजावा म्हणून नव्हे. तक्रार बुजावी म्हणून!

परंतु आज आम्ही खड्ड्यांवर लिहीत नाही. खड्डा हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग आहे तो कचेरीत. ज्या कचेरीने रस्ता राखावयाचा ती कचेरीच रस्त्यापासून दूर दूर नेली गेली, ही ह्या सीमाभागातील रस्त्यांची खरी शोकांतिका होय.

गेल्या पावसाळ्यात भाजीची पाटी घेऊन शहरात येणारी एक बाई अशाच एका खड्ड्यात पडली. मनगट मोडले, पंधरा दिवसांची कमाई बुडाली. दवाखान्याचा खर्च तरी मिळावा म्हणून तिने मराठीत अर्ज लिहवून घेतला आणि तो घेऊन ती आमच्याकडे आली. आम्ही तिच्याबरोबर निघालो. पहिल्या कचेरीत उत्तर मिळाले की हा रस्ता आता आमच्याकडे नाही. दुसऱ्या कचेरीने सांगितले की रस्ता आमचा, पण त्याची देखभाल ठेक्याने दिलेली आहे, ठेकेदाराला भेटा. तिसऱ्या कचेरीत अर्ज हाती घेतला गेला, उलटसुलट पाहिला गेला आणि "कन्नडमध्ये लिहून आणा" ह्या शेऱ्यासह परत आमच्या हाती आला. बाहेर पायरीवर बसून ती माउली म्हणाली, "पडलो तवा रस्ता एकच होता की ओ, साहेब!"

ह्या एका वाक्यात जे आहे ते शंभर अहवालांत नाही. पडताना रस्ता एक असतो. जबाब देताना त्याचे तीन तुकडे होतात. हे तुकडे कोणी पाडले आणि केव्हा पाडले, हे वाचकांपुढे मांडण्यासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

रयतेच्या आण्यातून

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा काढून बेळगावचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. छावणी येथे, कलेक्टर येथे आणि पुढे मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचे ठाणेही येथेच. तोफा, रसद आणि टपाल हलवायचे तर वाट हवी. म्हणून पुण्याहून निघून निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड असा थेट तुंगभद्रेकाठच्या हरिहरपर्यंत, म्हणजे इलाख्याच्या टोकापर्यंत जाणारा रस्ता तयार झाला. आज ज्याला आपण पुणे–बंगळूर रस्ता म्हणतो त्याचा हा आजा. दुसरी वाट समुद्राकडची. प्रथम रामघाटाने आणि नंतर आंबोलीच्या घाटाने उतरून ती वेंगुर्ल्याच्या बंदराला भिडे. घाटावरचा कापूस खाली जाई, मीठ आणि नारळ वर येई.

ही कामे आधी लष्करी मंडळाकडे होती. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने ती काढून घेऊन स्वतंत्र बांधकाम खाते उभारले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यात इंजिनिअर आला आणि त्याच्याबरोबर त्याची कचेरी, नकाशे आणि नोंदवह्या आल्या. साहेबाने रस्ते दिले असे म्हणून आजही गहिवरणारे लोक आमच्यात आहेत. त्यांना आम्ही विचारतो, पैसा कोणाचा होता? १८६३ च्या सुमारास जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा असा जादा कर मुंबई इलाख्यातील रयतेवर बसला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्यातील दोन वाटे रस्त्यांना आणि एक वाटा शाळांना. जिल्ह्यातील आडवाटांचे रस्ते झाले ते ह्या आण्यावर. आणि श्रम कोणाचे? १८७६–७७ च्या महादुष्काळात आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांपासून सोलापूर–नगरपर्यंत हजारो उपाशी माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत बसली होती. सर रिचर्ड टेंपल ह्या साहेबाने त्यांची मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबावर आणली, तेव्हा त्या हाडांच्या सापळ्यांनी संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या रस्त्यांच्या पायात जी खडी आहे ती ही आहे. ती कोणाच्या मेहेरबानीची नाही.

मैलकुली नावाचा माणूस

ह्या जुन्या कचेरीचे खरे सामर्थ्य इंजिनिअरच्या बंगल्यात नव्हते. ते होते मैलकुल्यात. रस्त्याचे मैल वाटून दिलेले असत. त्या मैलांवर एक टोळी, टोळीवर मुकादम, मुकादमावर मिस्त्री, त्यावर ओव्हरसियर. मैलकुली जवळच्याच गावचा. सकाळी खांद्यावर कुदळ-फावडे टाकून आपल्या तुकड्यावर जावे आणि सांजेला परतावे हा त्याचा शिरस्ता. त्याला कोणी महामार्गतज्ज्ञ म्हटले नाही. पण रस्त्याचे शास्त्र त्याला पुरते कळत होते.

ते शास्त्र काय? रस्त्याचा पहिला वैरी चाक नव्हे, पाणी! बेळगावास वर्षाला सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो, खानापूर–जांबोटीकडे त्याहून पुष्कळ अधिक. पश्चिमेला जांभा आणि तांबडी माती. पूर्वेला काळी जमीन, जी पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. पाणी रस्त्यावर थांबले की फटीतून खाली उतरते, खालचा मुरूम भुसभुशीत करते, आणि मग वरून एक भरलेली गाडी गेली की डांबराचा पापुद्रा आत कोसळतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी दोन्ही अंगांची गटारे उपसावी, मोऱ्यांतील गाळ काढावा, साईडपट्टीचा उंचवटा तासून पाण्याला उतार द्यावा. पावसात बोटभर फट दिसली की त्याच दिवशी ती भरावी. फट बुजवायला घमेलेभर खडी लागते. फटीचा खड्डा झाला की गाडीभर. आणि खड्ड्याचा खंदक झाला की निविदा! मैलकुली घमेल्यात काम भागवीत होता. आजची व्यवस्था निविदेची वाट पाहात बसते.

तो काळ रामराज्याचा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मैलकुल्याला मजुरी तुटपुंजी होती, साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या बंगल्यावर पाणी भरण्याची वेठ होती, आणि रस्त्याकडेच्या आंबा-चिंचांच्या लिलावात कोणाचे हात ओले होत हेही लोकांना माहीत होते. परंतु त्या रस्त्याला एक चेहरा होता. खड्डा पडला तर गाव मुकादमाचे दार ठोठावू शकत होते, आणि तो गावच्या भाषेत उत्तर देत होता. मराठी गावात मराठीत, कानडी गावात कानडीत. त्यासाठी त्याला कोणत्याही सरकारी परिपत्रकाची गरज पडली नाही.

पैशाची तजवीजही आमच्याच एका माणसाने सुचवली. १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पेट्रोलवर जादा कर बसवून तो केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावा असे त्यांच्या समितीने सांगितले आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावे, आणि जे रस्त्यासाठी दिले ते रस्त्यावरच पडावे, असा हा सरळ व्यवहार होता. ह्या व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग पुढे कोठे गेला, ते आता पाहू.

१९५६: एका वर्षात दोन बदल्या

१९५६ हे वर्ष सीमाभागाच्या काळजावर कोरलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला गेला. जिल्ह्याबरोबर बांधकाम खात्याची कचेरीही गेली. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय महामार्गांचा कायदा केला, आणि १५ एप्रिल १९५७ पासून तो अंमलात आला. त्या कायद्याने महामार्ग केंद्र सरकारच्या मालकीचे झाले. म्हणजे रस्त्याचा मालक दिल्लीत गेला, त्याची देखभाल करणारे खाते बंगळूरच्या हुकमाखाली गेले, आणि रस्ता मात्र तवंदीच्या घाटात आणि वंटमुरीच्या उतारावर जेथल्या तेथे राहिला!

कोणी म्हणेल, मुंबई तरी कोठे जवळ होती? खरे आहे. बेळगावहून मुंबई आणि बंगळूर सारख्याच लांब. मैलांच्या अंतराबद्दल आमची तक्रार नाहीच. तक्रार आहे ती दुसऱ्या अंतराबद्दल. पूर्वीच्या कचेरीत निपाणीचा तंबाखूवाला आणि खानापूरचा भातवाला आपल्या भाषेत अर्ज देई आणि आपल्या भाषेत उत्तर घेई. नव्या कचेरीच्या दारावर 'लोकोपयोगी इलाखे' अशी पाटी लागली. नाव किती सुंदर! त्यातील 'लोकोपयोगी' हा शब्द संस्कृतातून आलेला, कानडीत आणि मराठीत सारख्याच अर्थाने कळणारा. परंतु ज्या लोकांच्या उपयोगासाठी हे खाते, त्या लोकांचा अर्ज वाचायला तेथे कोणी नसेल तर हे 'लोक' म्हणजे कोण?

भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जेथे शेकडा पंधराहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, ही हमी १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत दिली गेली. सीमाभागातील आमच्या गावांतून मराठी वस्ती पंधराच्या कितीतरी पुढे आहे. पुलावरून वाहतूक बंद आहे, घाटात दरड कोसळली आहे, पुढे वळण धोक्याचे आहे, ह्याहून महत्त्वाची सूचना ती कोणती? धोक्याची पाटी ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुरती ती पाटी नसल्यासारखीच.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर सरकारची चपळाई आम्ही विसरणार नाही. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरची एक पाटी पाडण्यासाठी यंत्रे आली, पोलीस आले आणि मागोमाग गावावर लाठ्याही आल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला शहराचे नाव सरकारदप्तरी 'बेळगावी' झाले. फलकांवरची आणि दगडांवरची नावे बदलली. बदलला नाही तो फक्त दगडाशेजारचा रस्ता! पाटी उखडण्यास जी तत्परता दाखवली तिचा शतांश जरी खड्डे भरण्यास दाखवला असता तर आज ह्या लेखाचे प्रयोजन उरले नसते.

आणि ज्याला सीमेचा प्रश्न केवळ नकाशावरचा वाटतो त्याने एकदा बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघावे. हिंडलगा, तुरमुरी, बाची करीत थोडे अंतर गेले की शिनोळी येते. बाची इकडे, शिनोळी तिकडे. इकडे कर्नाटक, तिकडे चंदगड तालुका आणि महाराष्ट्र. जो रस्ता एके काळी बेळगाव ते वेंगुर्ला असा एका इलाख्याच्या आणि एका खात्याच्या नजरेखाली होता, त्याच्या मध्ये १९५६ ने रेघ मारली. कोणत्याही राज्याच्या लेखी आपल्या हद्दीचा शेवटचा मैल हा सर्वांत शेवटी करावयाचा मैल असतो. तेथे मतदार थोडा, मंत्र्याची मोटार त्याहून थोडी. पण पाऊस रेघ ओळखत नाही, उसाची गाडी रेघ ओळखत नाही आणि प्रसूतीच्या वेणा तर रेघ मुळीच ओळखत नाहीत!

तीनदा पैसे, एकदाही जबाब नाही

यानंतर तिसरा घाव बसला. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण निर्माण झाले आणि १९९५ पासून ते कामास लागले. सुवर्ण चतुष्कोनात आमचा पुणे–बंगळूर रस्ता आला, चौपदरी झाला, चाराचा आकडा जाऊन अठ्ठेचाळीसचा आला. रुंद रस्त्याचे आम्ही स्वागतच केले. कोल्हापूरला जाणाऱ्या रुग्णाची अर्धी वाट वाचली तर त्यात नाक मुरडण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु ह्या रुंदीत राखणदार हरवला. मोठा रस्ता प्राधिकरणाच्या ठेकेदाराकडे. शहरातून जाणारा जुना पी. बी. रोड पोरका, आणि बाकीचे रस्ते राज्याच्या खात्याकडे. एका कचेरीच्या तीन झाल्या आणि तिन्ही मिळून एका मुकादमाइतक्याही उपयोगी उरल्या नाहीत.

मैलकुल्याचे काय झाले? तो मस्टरवरचा रोजंदारी मजूर झाला. शेजारच्याच धारवाड जिल्ह्यातील बांधकाम खात्याच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात झगडून १९९० मध्ये समान वेतनाचा आणि टप्प्याटप्प्याने कायम होण्याचा मार्ग मिळवला. परंतु १० एप्रिल २००६ रोजी कर्नाटकाच्याच दुसऱ्या एका खटल्यात, उमादेवी खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की रीतसर भरतीवाचून लागलेल्या रोजंदाराला कायम होण्याचा हक्क नाही. न्यायालयाचे म्हणणे आम्ही समजू शकतो. मागच्या दाराने भरती नको. मग पुढचे दार उघडून रीतसर भरती करण्यापासून सरकारचा हात कोणी धरला होता? मागचे दार न्यायालयाने लावले, पुढचे सरकारने उघडलेच नाही, आणि रस्ता ठेक्यावर गेला.

आता हिशोब पाहा. आमचा माणूस पेट्रोल घेतो तेव्हा रस्त्याचा उपकर देतो. गाडी घेतो तेव्हा राज्याचा वाहनकर देतो. आणि कोगनोळीला, हत्तरगीला, हिरेबागेवाडीला पोचला की टोल देतो. २०२३ पासून खानापूर रस्त्यावर गणेबैललाही टोल सुरू झाला. एका रस्त्यासाठी तीनदा पैसे! फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून पैसे कापणारे यंत्र अहोरात्र डोळा उघडा ठेवून बसले आहे. एक रुपया चुकत नाही. मग खड्डा पाहणारा एक डोळा ह्या सबंध वाटेवर का असू नये? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले आणि वाहतूक दिवसेंदिवस ठप्प झाली. २०२१ च्या जुलैत तेच. नदीला पूर येतो हे मैलकुल्याच्या आजोबालाही माहीत होते. टोलच्या यंत्राला ते माहीत नसावे.

ठेका वाईटच असतो असे नाही. करारात देखभालीची अट असते, दोष निघाल्यास ठेकेदाराने तो विशिष्ट मुदतीत स्वखर्चाने दुरुस्त करावा असेही असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याच्या सदोष बांधणीने वा देखभालीने माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर जबाबदार अधिकाऱ्याला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. कायदा आहे, करार आहे, पैसाही आहे. नाही तो पाहणारा माणूस. घराला कुलूप भारी, पण किल्ली कोणाकडे ते घरच्यांनाच ठाऊक नाही, अशी ही गत आहे.

आमचे मागणे

आमचे भांडण कानडी माणसाशी नाही, हे आम्ही पुन्हा एकदा स्वच्छ सांगतो. गोकाकच्या कानडी शेतकऱ्याची बैलगाडी त्याच खड्ड्यात मोडते ज्यात खानापूरच्या मराठी शेतकऱ्याची मोडते. त्याचा अर्ज त्याच्या भाषेत असूनही तो तीन कचेऱ्या हिंडतोच. आम्ही जे मागतो ते त्यालाही मिळेल.

पहिले, बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर ह्या पट्ट्यातील प्रत्येक रस्त्याला, मग तो केंद्राचा असो, राज्याचा असो वा नगराचा, कायम पगारावरची स्थानिक टोळी आणि नाव असलेला मुकादम द्यावा. दुसरे, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी फलक असावा. त्यावर ठेकेदार कोण, काम केव्हा पुरे झाले, दोषदुरुस्तीची मुदत कधीपर्यंत आणि तक्रार कोणाकडे, हे कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत लिहिलेले असावे. तिसरे, मराठीतला अर्ज घेतला जावा, त्याची पोच मराठीत मिळावी आणि एका कचेरीत दिलेला अर्ज दुसरीकडे पोचवण्याचे काम कचेरीने करावे, मनगट मोडलेल्या बाईने नव्हे. चौथे, मृगापूर्वी दरसाल बाची–शिनोळीच्या आणि कोगनोळीच्या हद्दीवर दोन्ही राज्यांच्या इंजिनिअरांनी एकत्र उभे राहून रस्ता पाहावा. राज्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे; तो सुटेपर्यंत मोऱ्यांतील गाळ थांबणार नाही.

आणि वाचकहो, एक काम आपलेही आहे. खड्ड्याला वळसा घालून जाण्याची आपल्याला सवय जडली आहे. ही सवय मोडली पाहिजे. प्रत्येक गल्लीने, प्रत्येक गावाने आपल्या रस्त्याची वही घालावी. खड्डा कोठे, केव्हा पडला, अर्ज केव्हा दिला, उत्तर काय आले, हे तारखेनिशी लिहावे. मैलकुल्याची वही गेली तर आपली वही निघू द्या. शंभर गावांच्या शंभर वह्या एके दिवशी त्या तिन्ही कचेऱ्यांच्या टेबलावर ठेवू, आणि विचारू की तुमच्यापैकी ह्या रस्त्याचा राखणदार कोण?

रस्ता रयतेच्या आण्याने झाला, रयतेच्या हातांनी झाला आणि आजही रयतेच्याच पैशाने चालतो. पडणारी माणसे आमची, पैसे आमचे. मग जबाब मागण्याची भाषा तेवढी आमची का नसावी? ती बाई पायरीवर बसून जे विचारून गेली त्याचे उत्तर मिळेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही!